तंजावरातले पॉइंट

मे महिन्यात तंजावरला जाऊ नये. हे मला कोणी आधी सांगितलं नाही असं नाही. मी ऐकलं नाही.

बायकोला महाबळेश्वर हवं होतं. डोंगर, नदी, चार पॉइंट, जमलं तर बोटिंग. मला तंजावर हवं होतं. "तिथंही डोंगर आहे, नदी आहे," मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं. बृहदीश्वराच्या देवळाला दक्षिण मेरू म्हणतात, आणि मेरू हा डोंगर आहे हे कोणीही कबूल करील. तिकिटं पक्की होईपर्यंत एवढाच खुलासा मी शिल्लक ठेवला होता.

राजराज चोळानं 1010 साली पुरं केलेलं ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांच्या घरात आहे. पायात चपला नाहीत, खाली तापलेला दगड, आणि अशा स्थितीत ते मान वर करून पाहायचं. निम्मे यात्रेकरू भक्तीनं नाचल्यासारखे दिसत होते.

"अहो, डोंगर कुठाय?"

मी बोट वर केलं. बायकोनं आधी विमानाकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन मी करत नाही. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही अशी ख्याती आहे. ही माहिती आम्हाला एका सद्गृहस्थानं त्याच सावलीत ऐसपैस बसून दिली. आम्हीही तिथंच बसून मनापासून विश्वास ठेवला.

राहिली नदी. देवळाजवळच 'पुदु आरु' वाहते असं मी नकाशात पाहून ठेवलं होतं. पुदु म्हणजे नवी, आरु म्हणजे नदी. नदी नवी कशी असेल, ही शंका मला पुण्यातच यायला हवी होती. तो कालवा निघाला, कल्लणैच्या बंधाऱ्यापासून आणलेला, मेट्टूर धरणाच्या वेळचा. मेट्टूरचं पाणी रिवाजानं 12 जूनला सोडतात, आम्ही गेलो मेमध्ये. पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती. बोटिंगचा विषय तिथंच संपला.

राजवाड्यात मात्र माझी चाल बदलली. मूळ वाडा नायकांचा, पण 1670 च्या दशकात शिवाजीमहाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजीराजे इथं आले आणि 1855 पर्यंत भोसल्यांचंच घराणं नांदलं. म्हणजे घरचंच झालं की! मी तिकीटखिडकीशी किंचित छाती काढून "आम्ही महाराष्ट्रातून" असं सांगितलं. आतल्या माणसानं हसून मान हलवली आणि कॅमेऱ्याचे पैसे वेगळे घेतले. भाऊबंदकी म्हणतात ती हीच असावी.

आत पाहायला इतकं आहे की पॉइंट मोजायचे सोडून दिले. चोळांच्या ब्राँझच्या मूर्तींपुढे बायको तिकिटांचा खर्च विसरली. देवमाशाचा अख्खा सांगाडाही आहे! तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेला तो जीव राजवाड्यात मुक्कामाला आहे. समुद्रापासून इतक्या लांब येऊन पडल्याची त्याची व्यथा मला त्या दिवशी समजत होती.

खरी मजा सरस्वती महाल ग्रंथालयात. दुसरे सरफोजी (1798 ते 1832) हे राजे मला सगळ्यांत आवडले, कारण राज्यकारभार कंपनी सरकारनं 1799 मध्येच काढून घेतला आणि यांनी उरलेला वेळ वाचनात घालवला. निवृत्तीचं असं नियोजन आमच्या सोसायटीत कोणालाच जमलेलं नाही. डोळ्यांच्या रोग्यांचे कागद डोळ्यांच्या चित्रांसकट लिहवून ठेवले. स्वयंपाकावरचं 'शरभेंद्र पाकशास्त्र'ही त्यांच्याच दरबारातलं, आणि मराठीत. काशीयात्रेला निघाले ते हजारोंचा लवाजमा घेऊन, आणि येताना ग्रंथ आणले. आम्ही तिघं होतो आणि येताना मान हलवणाऱ्या दोन बाहुल्या आणल्या.

तिसरा म्हणजे मेहुणा. तिथल्याच संग्रहालयात ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आहेत, माणसांचे चेहरे जनावरांशी ताडून पाहणारी. घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस. बायको एका चित्रापुढे बराच वेळ थांबली, मग भावाकडे वळून पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. कोणतं जनावर ते मी सांगणार नाही, सासुरवाडी आहे.

दुपारी जेवणात रसवांगी आली. नाव ऐकून मेहुण्यानं "वांगं?" असं ओरडून विचारलं आणि पलीकडच्या टेबलावरच्या नऊवारीतल्या आजी वळल्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. हेल तमिळ, क्रियापदं आमच्या पणजीच्या वेळची, पण एकही शब्द अडला नाही. सांबार आमच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, ही कथा त्यांनी सांगितली. कोकमाच्या जागी चिंच पडली आणि झालं सांबार. कथाच ती, पण त्या उन्हात आणि त्या सांबाराबरोबर खोटी ठरवण्याची माझी तयारी नव्हती.

बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजींनी भोसल्यांचा सबंध इतिहास मराठीत कोरून घेतलाय, 1803 साली. तो वाचला का, असं आजींनी विचारलं. आम्ही त्याच भिंतीजवळून तळवे वाचवत धावलो होतो.

निघताना आजींनी बायकोचा हात धरला. "तुमच्याकडं बोलतात ना अजून मराठी? मुलंबाळं बोलतात?"

"डेफिनेटली," बायको म्हणाली.