पावतीआप्पा

पावतीआप्पा जिना चढताना दिसले की बिल्डिंगमध्ये दोन हालचाली एकदम होतात. खालची कुत्री शेपट्या हलवत त्यांच्यामागे निघतात आणि वरच्या मजल्यांवरचे कर्ते पुरुष अंघोळीला जातात. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असले तरी जातात. आप्पांना त्याचं काही वाटत नाही. "होऊ दे निवांत, मी बसतो," म्हणतात आणि खरोखर बसतात. त्यांच्या वसुलीचं निम्मं यश या बसण्यात आहे.

पावतीआप्पा हा एकच माणूस आहे असं कुणी समजू नये. निगडी प्राधिकरणात एक आहेत, संत तुकारामनगरला एक, इंद्रायणीनगरला एक. मोशीत दोन आहेत, पण त्यांचं आपसात पटत नाही, कारण एकाची गोशाळा आणि दुसऱ्याचा वृद्धाश्रम यांची देणगीदारांची यादी एकच आहे. कुणाला नाना म्हणतात, कुणाला अण्णा. बाकी माल एकाच डायमधून निघालेला. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं (एक लिहिणारं, एक देणगीदार पेन शोधायला म्हणून आत जाऊन गायब होऊ नये यासाठी), खांद्याला कुठल्याशा व्हेंडरने दिवाळीला दिलेली रेक्झिनची बॅग. बॅगेत वर पेरू, मध्ये बिस्किटांचे पुडे आणि तळाशी पावतीपुस्तक.

आमच्या भागात हे पीक जोमाने येतं, त्याला इथली जमीन कारण आहे. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना, म्हणजे आमचं 'एचए', निघाला. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पाठोपाठ टेल्को आली. साताऱ्याची, सोलापूरची, बीडची, जळगावची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन इथं उतरली. १९७२ साली प्राधिकरण झालं, १९८२ साली महानगरपालिका झाली. नोकरी लागली, प्लॉट लागला, चेतकला नंबर लावला होता तोही लागला. काका, मामा, आत्या तेवढ्या गावाकडे राहिल्या. मग कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर बसणारा मामा झाला आणि कँटीनमध्ये आपला डबा खाणारा भाऊजी. आमचे आप्पा टेल्कोत स्टोअर्सला होते. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, आप्पांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. स्टोअर्सच्या खिडकीवर ज्याने ज्याने म्हणून एखादा नट-बोल्ट सही करून नेला, तो त्यांचा नातेवाईक. त्यामुळे निम्म्या शहरात त्यांना 'घरचं' म्हणून जाता येतं, आणि घरच्या माणसाला दारातून परत लावायची सोय आपल्यात नाही.

शिवाय लपून उपयोग नसतो. कोण कुठल्या आठवड्यात फर्स्टला आहे, कोण सेकंडला, कोणाची नाइट आहे, हे सगळं त्यांच्या डायरीत असतं. बायकोला नवऱ्याची शिफ्ट आठवत नसेल तर तिने आप्पांना फोन करावा.

चाकणला त्यांची एक पुतणी असते. नात्याने सख्खी नाही, पण तिचं कन्यादान होत असताना आप्पा मांडवात रक्तदान शिबिराचे फॉर्म भरून घेत होते, एवढी जवळची. निगडीहून चाकण म्हणजे भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, आळंदी फाटा अशी यात्राच. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्तेखानापुढे जवळजवळ दोन महिने लढवला. आप्पांचं म्हणणं, खान आज आला असता तर किल्ल्यापर्यंत पोचलाच नसता, तळेगाव चौकातच फौजेचं रेशन संपलं असतं. आप्पांचा मात्र ट्रॅफिकमध्ये वेळ वाया जात नाही. पीएमपीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्याचा रक्तगट ते कुरुळी येईपर्यंत काढून घेतात. पासष्टीनंतर नियमाप्रमाणे स्वतःचं रक्त देता येत नाही, तेव्हापासून ते लोकांचं देतात.

पुतणीकडे ते सकाळी अकराला पोचतात. जावईबापू नाइट करून आलेले, नुकता कुठं डोळा लागलेला.

"झोपलेत का? झोपू दे, झोपू दे," असं आप्पा ज्या आवाजात म्हणतात तो आवाज प्रेसशॉपच्या गोंगाटात कमावलेला आहे. जावईबापू डोळे चोळत बाहेर येतात.

"अरे, उठलात कशाला?"

मग रीतसर चौकशी. पोरं शाळेत का, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, टँकर येतो का नळाला पाणी असतं, धाकटीला मोबाइल फार देऊ नका. पेरू निघतात. बिस्किटांचा पुडा निघतो, कारण जिन्यात एक कुत्रं वर येऊन बसलेलं असतं. चहा होतो, चिवडा होतो. सगळं इतकं साधं आणि मायेचं चाललेलं असतं की माणूस गाफील राहतो. आणि कप खाली ठेवता ठेवता आप्पा म्हणतात, "बरं का..."

या 'बरं का' नंतर आजवर कुणी सुटलेलं माझ्या पाहण्यात नाही.

"आप्पा, या महिन्यात जरा हप्त्यांची ओढ आहे," जावईबापू म्हणतात.

"मी कुठं या महिन्याचं म्हणालो? तारीख पुढची टाकतो."

पूर्वी त्यांच्याकडे ८०-जी नावाचं अस्त्र होतं. देणगीवर आयकरात सवलत मिळते, मात्र रोख दोन हजारांच्या वर असेल तर मिळत नाही, हा नियम ते मुद्दाम दोनदा सांगत. समोरच्याच्या कानात त्यातला 'दोन हजार' तेवढा राहत असे. नव्या करप्रणालीत ही सवलतच उरली नाही. कंपनीतली तरुण पोरं आता सुटल्याच्या आनंदात सांगतात, "आप्पा, मी न्यू रेजीममध्ये आहे."

"उत्तम," आप्पा म्हणतात. "म्हणजे आता तू देशील ते सगळं पुण्य तुझं. सरकारचा त्यात वाटा नाही."

पैशांपेक्षा वस्तू घेताना त्यांना पाहावं. चिंचवडच्या गुरुकुलात भटक्या-विमुक्त समाजातली मुलं शिकतात. ते उभारणाऱ्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आप्पांनी बिल्डिंगभर पेढे वाटले, आणि पेढ्यासोबत प्रत्येक घरी वह्यांचा आकडा लिहून घेतला. अशा ठिकाणी द्यायला लोक जुने कपडे आणून देतात. बहुतेक लोकांच्या मनात दान आणि अडगळ यांच्यामध्ये फारशी भिंत नसते, हे माझं मत. आप्पांचंही आहे, फक्त ते बोलून दाखवत नाहीत, इन्स्पेक्शन करतात. पार्किंगमध्ये टेबल मांडून प्रत्येक शर्टाची बटणं मोजली जातात, चेन वरखाली करून पाहिली जाते. पास झालेल्या मालाची नोंद वहीत होते आणि नापास मालाला लाल चिठ्ठी लागते. एकदा सेक्रेटरींच्या मिसेसचा स्वेटर 'कोपर गेलेलं, सप्लायरला परत' अशा शेऱ्यासकट त्यांच्या दाराला अडकवलेला सगळ्या मजल्यांनी पाहिला. त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी नवा कोरा स्वेटर घेऊन आल्या. आप्पांनी त्याचीही चेन तपासली.

आता कुत्र्यांकडे येऊ. तशी ती आपणहोऊनच येतात.

आप्पा कुत्र्यांना मोती, टायगर अशी नावं ठेवत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात जन्मली ती बोनस. येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी हुंगून बघते ती क्यूसी. रात्री बारानंतर कामाला लागतो तो ओटी. गेटच्या मधोमध आडवा पडून हॉर्न वाजवा, ओरडा, पाणी मारा, तरी हलत नाही तो टूलडाउन. भोसरी एमआयडीसीत टेम्पोखाली मागचा पाय मोडलेलं एक पिल्लू आप्पांनी खोक्यातून आणलं. त्याचं नाव सुरुवातीला रिजेक्शन होतं. ऑपरेशन झालं, पायात रॉड पडला, ते लंगडत का होईना पळायला लागलं, तेव्हा आप्पांनी वहीत रीतसर खाडाखोड करून त्याचं नाव रीवर्क केलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुत्र्यांचा विषय कायम शेवटी असतो आणि कायम आधी निघतो. आप्पा २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम झेरॉक्स करून आणतात. नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. खायला घालण्याची जागा जिन्यापासून, ये-जा करण्याच्या वाटेपासून, मुलांच्या खेळण्यापासून लांब हवी. ही जागा ठरवायला समिती नेमली. जिन्यापासून लांब, गेटपासून लांब, घसरगुंडीपासून लांब असं टेपने मोजत मोजत जी एकमेव जागा निघाली, ती चेअरमनच्या नव्या गाडीशेजारची. ठराव एका मताच्या विरोधाने मंजूर झाला.

पण एका बाबतीत मी आप्पांच्या बाजूला नव्हतो. बी विंगमधला एक मुलगा चाकणहून सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला बाइकवर येतो. ओटी रोज त्याच्या मागे धावायचा. दमलेल्या माणसाला, पोटरीजवळ दात दिसत असताना, केंद्र सरकारचे नियम ऐकवण्यात अर्थ नसतो. दोनदा तो पडता पडता वाचला. मी आप्पांना तसं स्पष्ट सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री मफलर बांधून साडेबाराला गेटवर उभे राहिले, मुलाला गाडी बंद करायला लावली आणि दोघांची ओळख करून दिली. "हा बी विंगचा. आपलाच आहे. परमनंट आहे." मुलगा खरं तर काँट्रॅक्टवर आहे, पण ओटीला ते कशाला सांगा. आठवडाभर हा कार्यक्रम चालला. आता ओटी त्याला कोपऱ्यापासून पार्किंगपर्यंत सोडायला येतो आणि दुसऱ्यांच्या मागे धावतो.

पिल्लं द्यायची पद्धत निराळी. बोनसला चार झाली तेव्हा आप्पांनी वर्षभर न गेलेल्या घरांच्या भेटी काढल्या. हातात बुटांचं खोकं. वेळ शाळा सुटल्यानंतरची. खोकं सोफ्याखाली सरकवून ते खुशाल निवडणुकीवर बोलत बसायचे. खोक्यातून आवाज आला की पोरांनी झाकण उघडायचं, आणि आईने कपाळावर हात मारायचा. "चार दिवस ट्रायलवर ठेवा. नाही जमलं तर परत. गेटपास मी करतो." परत एकही आलं नाही. एका घरी तर पिल्लाच्या निमित्ताने दोन भावांचं बोलणं सुरू झालं. एकाला ते हवं होतं, दुसऱ्याला नको होतं, आणि भांडायला तरी बोलावं लागतंच.

मध्यंतरी सीएसआर नावाचं वारं त्यांच्या अंगात शिरलं होतं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ त्यांना कुणीतरी समजावलं. पाच कोटी किंवा अधिक नफा झालेल्या कंपनीने सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. मग लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या आधी आप्पा पोचायचे आणि एचआरमधल्या भाच्यांना विचारायचे, "तुमचा नफा किती रे?" मोठ्या कंपन्यांच्या रिसेप्शनवरून त्यांना ईमेल करा म्हणून सांगण्यात आलं. तेव्हा त्यांनी कायदाच खालपर्यंत आणला. कुदळवाडीत दोन लेथवर पोट भरणाऱ्या एका भाच्याला त्यांनी हिशोब करून दिला की महिन्याच्या तासांचे दोन टक्के म्हणजे चौदा तास होतात. तेव्हापासून तो दर रविवारी टेम्पो घेऊन येतो. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला असते त्या दिवशीचे चहाचे पिंपही त्याच टेम्पोतून जातात.

काकूंचं या सगळ्यावर एकच वाक्य आहे. "लोकांकडे जाताना पेरू नेतात आणि घरी येताना कुत्रं आणतात." कुणीतरी त्यांना कुजबुजत विचारलं होतं की आप्पा स्वतः किती देतात. काकूंनी कपाटातून संपलेल्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा काढून पुढ्यात टाकला. प्रत्येक पुस्तकात पावती क्रमांक एक आप्पांच्या नावाची, क्रमांक दोन काकूंच्या. "माझी मला पुस्तक संपल्यावर कळते," त्या म्हणाल्या. विचारणाऱ्याने जाताना क्रमांक तीन फाडली.

यंदा दोघं मुलाकडे डेट्रॉइटला गेले आहेत. पोरगं गाड्यांच्याच कंपनीत आहे, तेवढं वळण राहिलं. निघायच्या आदल्या रात्री नोटीस बोर्डावर एक तक्ता लागला. फर्स्ट शिफ्ट सकाळची बिस्किटं, सेकंड शिफ्ट रात्रीचा भात आणि पाण्याची भांडी, जनरलला रीवर्कच्या पायाची मालिश. समोर फ्लॅट नंबर. कुणाला विचारलेलं नव्हतं. सगळ्यांनी वाचून नापसंती व्यक्त केली, चेअरमननी अशा एकतर्फी नोटिसांबद्दल पुढच्या मीटिंगला बोलू म्हणून सांगितलं, आणि सकाळी सहाला बिस्किटांचा पुडा घेऊन खाली तेच उभे होते. त्यांची फर्स्ट होती.

परवा रात्री अडीच वाजता माझा फोन वाजला.

"झोपला होतास का? झोप, झोप. टूलडाउनचं रेबीजचं इंजेक्शन या महिन्यात ड्यू आहे, वहीत बघ. आणि ऐक, इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात एकजण भेटला, मूळचा भोसरीचा. त्याचा भाऊ तुझ्या समोरच्या सोसायटीत राहतो, माणूस चांगला आहे, नुसतं कुणी विचारलेलं नाही. पुस्तक सेक्रेटरींकडे ठेवलंय. या आठवड्यात सेकंडला आहे तो, तेव्हा एकच्या आत गाठ. जेवायला थांब म्हणेल. नाही म्हणू नकोस."