दोन्हीकडचे सेनापती

२३ मार्च २०२०च्या रात्री ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर येऊन 'घरातच राहा' म्हणाले, तेव्हा आमचं नॉटिंगहॅम टॉयलेट पेपर आणि पास्त्याची पाकिटं मोजत होतं. शेजारचे जनरलसाहेब गोंद, काळा रंग आणि नकली गवत मोजत होते. तिन्हींचा साठा मुबलक निघाला. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मी विचारलं, "किती दिवस चालायचं हे?" ते म्हणाले, "माझं ऑस्ट्रियन पायदळ रंगवून होईपर्यंत तरी चालावं." मग खिशातून टेप काढून त्यांनी आमच्यातलं अंतर मोजलं. सरकारनं दोन मीटर सांगितले होते, यांची टेप इंचांची. "अठ्ठ्याहत्तर. थोडे मागे सरा. अजून बंदुकीच्या टप्प्यात आहात तुम्ही."

'जनरलसाहेब' ही पदवी आमच्या घरानं दिलेली. मूळचे ते निवृत्त हिशेबनीस, आणि खऱ्या फौजेशी त्यांचा संबंध टॅक्स भरण्यापुरता. पण त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नेपोलियनच्या काळचा अर्धा युरोप उभा असतो, एकेक शिपाई २८ मिलिमीटर उंचीचा. या गावाची हवाच तशी आहे. वॉरहॅमर हा युद्धखेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथलं, आणि आसपास असले शिपाई ओतणाऱ्या कंपन्या इतक्या, की खेळणारे या टापूला 'शिशाचा पट्टा' म्हणतात. जनरलसाहेबांच्या माळ्यावर न रंगवलेल्या शिपायांची खोकी छताला टेकली आहेत. एवढी फौज रंगवायला हा जन्म पुरणार नाही हे त्यांना हिशेबनीस म्हणून ठाऊक आहे, आणि सेनापती म्हणून ते नवी भरती चालूच ठेवतात.

रंगवताना त्यांच्याशी बोलू नये. भिंग डोळ्याला, ब्रश ओठात. टोक अणकुचीदार राहावं म्हणून ते ब्रश चाटतात, त्यामुळे कोणती रेजिमेंट चालू आहे ते जिभेवरून कळतं. एका पलटणीचे कफ पिवळे की फिकट पिवळे यावर त्यांनी एका मित्राशी बोलणं टाकलं होतं. (तो कफ तीन मिलिमीटरसुद्धा नाही. मी भिंगातून पाहिला. मला तो मळका वाटला, पण हे बोलायची सोय नव्हती.)

लॉकडाउननं युद्धखेळाचा क्लब बंद झाला आणि जनरलसाहेबांना प्रतिस्पर्धी उरला नाही. ते डगमगले नाहीत. या खेळाला पुस्तकांचा आधार आहे. कादंबरीकार एच. जी. वेल्सनं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम छापले, तो जमिनीवर लोळून खेळायचा. त्यासाठी गुडघे लागतात. डोनाल्ड फेदरस्टोननं १९७३ साली एकट्यानं कसं खेळावं यावरच अख्खं पुस्तक लिहिलं. त्याला फक्त टेबल लागतं. जनरलसाहेबांनी ते पुस्तक कपाटातून काढलं.

एकट्यानं लढण्यातली मुख्य अडचण अशी, की शत्रूचा बेत आपल्याला आधीच माहीत असतो, कारण तो आपणच आखलेला असतो. त्यावर उपाय आहेत. प्रत्येक बाजूसाठी तीन-तीन बेत लिहायचे, पाकिटांत घालायचे आणि फासा टाकून एक निवडायचा. कोणती पलटण आधी हलणार ते पत्ता उलटून ठरवायचं. कुमक वाट चुकली, दारूगोळा भिजला, असली विघ्नं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची. आणि सगळ्यात नामी उपाय म्हणजे बेत लिहून आठवडाभर टेबलाकडे फिरकायचंच नाही. सत्तरीच्या माणसाला तेवढ्यात आपलाच डाव नवा वाटतो.

फ्रेंचांची खुर्ची खिडकीशी, इंग्रजांची दाराशी. पाळी बदलली की साहेब उठून टेबलाला वळसा घालून पलीकडे बसत. तिकडे कॉफी, इकडे चहा. न्यायबुद्धी इतकी कडक, की वेलिंग्टन म्हणून बसले असताना त्यांची नजर फ्रेंचांच्या उघड्या बगलेवर गेली तरी ते ओशाळत. ती बगल उघडी आहे हे नेपोलियननं त्यांना विश्वासानं सांगितलेलं असे! संध्याकाळी बाईसाहेबांनी विचारावं, "कोण जिंकलं?" आणि यांनी खुर्चीनुसार चेहरा करावा. एकदा "हरलो" म्हणून ते इतके खिन्न झाले, की जिंकल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं.

पुढे व्हिडिओवरचे सामने सुरू झाले. मोबाइल दिव्याच्या दांडीला उलटा टांगलेला. त्यातून समोरच्याला रणभूमी, जनरलसाहेबांचं टक्कल आणि मधूनच मांजराचं शेपूट दिसे. ज्याच्या घरी टेबल, त्यानंच दोघांचे शिपाई हलवायचे. "डावीकडे सरकव." "कुणाच्या डावीकडे?" एवढ्यावर रशियन घोडदळ तळ्यात गेलं. फासा ज्यानं त्यानं आपापल्या घरी टाकून आकडा सांगायचा. सभ्य माणसांचा खेळ. तरीही समोरच्याला लागोपाठ षटकार पडू लागले, की जनरलसाहेब गोड आवाजात म्हणत, "कॅमेरा जरा खाली धरता का?"

मग शिंदे-इंग्रजांची असईची लढाई निघाली. २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यातली. वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि आपल्या लढायांत तो असई सगळ्यात वरची मानी, असं जनरलसाहेबांनी मला कुंपणावरून ऐकवलं. "शिंद्यांची बाजू तुम्ही घ्या. तुम्ही तिथलेच." मी तिथला म्हणजे पुण्याचा, पण मैलांचा हिशेब त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. त्यांना शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या पागोट्यांचे रंग हवे होते. मी सांगलीच्या मामांना फोन लावला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "नोकरी आहे ना रे अजून?"

भिंतीपलीकडे ते, अलीकडे लॅपटॉपवर मी, अशी लढाई जुंपली. माझ्याकडे शंभराच्या आसपास तोफा आणि डोळ्यांत न मावणारं घोडदळ. त्यांच्याकडे माणसं त्या मानानं मोजकीच. खरी लढाई फिरली ती केळणा नदीच्या उतारावर. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. वेलस्लीनं दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ओळखलं, उतार असणारच. यात अलौकिक काय ते मला कळेना. नदीच्या अल्याड-पल्याड सोयरिकी होतात, बाजार भरतात. माणसं काय उडत जाणार? पण इंग्रज याला प्रतिभा म्हणतात.

आणि ऐन मोक्याला जनरलसाहेब कॅमेऱ्याकडे वाकून कुजबुजले, "त्या उतारावर चार तोफा ठेवा. मी तिथूनच येणार आहे." मला वाटलं, गनिमी कावा. तसं काही नव्हतं. इतके दिवस स्वतःशीच खेळून त्यांना शत्रूपासून काही लपवायची सवयच राहिली नव्हती. मी तोफा ठेवल्या. "शाबास!" ते म्हणाले आणि त्याच तोफांच्या तोंडी आपली फौज घेऊन आले. नुकतीच रंगवलेली ७४वी हायलँडर पलटण पहिल्याच फैरीला पळाली. नवी पलटण पहिल्या लढाईत पळतेच, हा या खेळातला जगन्मान्य समज आहे. त्यामुळे त्यांना वाईट वाटलं नाही, उलट शास्त्र सिद्ध झाल्याचं समाधान दिसलं. मराठे जिंकले. मामांना कळवलं, तर त्यांनी पेढे वाटले म्हणे.

जुलैत दोन घरांना एकत्र बसायची मुभा मिळाली, आणि मास्क लावून क्लबातला जुना मित्र साहेबांकडे खेळायला आला. हाडामांसाचा माणूस, समोरच्या खुर्चीत! दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं कुंपणाशी गेलो. जनरलसाहेब घुश्शात गुलाब छाटत होते.

"कसा झाला सामना?"

"माणूस विचित्र आहे हो," ते म्हणाले. "चार तास समोर बसला, पण मनात काय आहे ते एकदासुद्धा सांगितलं नाही."