मंगळ : आहे / नाही / सौम्य

वडिलांच्या ऑफिसात नुसती नोकरी करणाऱ्या माणसाकडे जरा संशयानेच पाहत. टायपिस्टकडे एलआयसीची एजन्सी असे, हेडक्लार्क बायकोच्या नावावर पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करीत, आणि दिवाळीच्या तोंडावर जमाखर्च विभागातल्या फायलींमागून उटणं, अत्तराच्या कुप्या आणि सोलापुरी चादरी निघत. पगार घर चालवायला आणि जोडधंदा फ्रीज घ्यायला, अशी सरळ विभागणी होती. साहेबही एक चादर घेऊन गप्प बसत.

माझ्या पिढीत हा मामला लॅपटॉपवर आला. मी राहतो डोंबिवलीत, नोकरी ऐरोलीला. दिवसभर एका परदेशी विमा कंपनीचं म्हातारं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री साडेदहाला, जेवणाचं टेबल पुसून झालं की त्याच टेबलावर साम्राज्य उभारायला बसतो. आमच्या सोसायटीत असे सम्राट बरेच आहेत. रात्री एकला पाणी प्यायला उठलं की समोरच्या विंगमध्ये निळसर उजेड दिसतो आणि कळतं, तिकडेही कुणीतरी डोमेन विकत घेतंय.

डोमेन विकत घेणं हा या धंद्यातला सगळ्यात सुखाचा भाग. कल्पना सुचली की आधी कोड लिहायचा नसतो, आधी नाव अडवायचं असतं. पहिल्या वर्षाचा भाव बघून आपण हसतो, दुसऱ्या वर्षाचा भाव लावताना विकणारा हसतो. टँकरचं वेळापत्रक, उकडीच्या मोदकांची आगाऊ नोंदणी, भिशीचा हिशेब, अशा सगळ्या नावांचा मी कागदोपत्री मालक आहे. २०१४ पासून ‘.भारत’ या शेपटीचं, सबंध देवनागरीतलं नावही मिळतं. तेही घेतलं. पहिल्या गिऱ्हाइकाला फोनवर तो पत्ता सांगताना मोबाइलचा कीबोर्ड मराठी कसा करायचा इथपासून सुरुवात झाली, आणि मराठी होईपर्यंत गिऱ्हाइकाला मोदक दुसरीकडे मिळाले.

मुळात आम्हाला बिघडवलं ते आख्यायिकांनी. इंग्लंडमधल्या ॲलेक्स ट्यू या एकवीस वर्षांच्या पोराने २००५ साली कॉलेजचा खर्च निघावा म्हणून एक वेबपान केलं आणि त्यावरचे दहा लाख पिक्सेल डॉलरला एक या दराने विकले. गेले सगळे! शेवटच्या हजारांचा तर लिलाव झाला, ३८,१०० डॉलरला. हनोईच्या डाँग नुयेनचा फ्लॅपी बर्ड दिवसाला पन्नास हजार डॉलर कमावतो अशा बातम्या होत्या, आणि नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१४ मध्ये, या गृहस्थाने खेळ काढून घेतला. साधं आयुष्य बिघडतंय म्हणाला. आमच्याकडे महिन्याला पन्नास हजार मिळाले तरी साधं आयुष्य बिघडवून घ्यायला अख्खी विंग तयार आहे.

माझी आवडती आख्यायिका मात्र २००८ मधली. ‘आय ॲम रिच’ नावाचं आयफोनवरचं ॲप, किंमत ९९९.९९ डॉलर. उघडलं की पडद्यावर एक लाल खडा चमकतो. बस्स. ॲपलने एका दिवसात ते हटवलं, पण तेवढ्यात आठ जणांनी ते घेतलंही होतं. डोंबिवलीत हे चाललं नसतं. आम्ही लाल खडा बोटात घालतो, तोही पत्रिका दाखवून, रत्ती ठरवून आणि सोनाराशी घासाघीस करून.

या लांबच्या गोष्टी विसरता येतात. विसरता येत नाही ते सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर. मुंबईच्या लोकलची वेळापत्रकं मोबाइलवर आणणारं हे ॲप २०१० पासून चालू आहे. ठाण्याच्या फलाटावर घामाघूम उभं राहून मी रोज त्याच ॲपवर पुढची पनवेल बघतो. आजूबाजूचे सगळे तेच बघत असतात. कल्पना डोळ्यांसमोर, म्हणजे रुळांवर पडलेली होती, आणि मी तेव्हा काय करत होतो तर फास्ट पकडत होतो.

असो. तर मी ‘शिस्त’ नावाचं ॲप केलं. पहाटे उठणं, पाणी पिणं, वाचन, व्यायाम या सवयींवर खुणा करायच्या. प्रत्येक प्रोग्रामर आयुष्यात एकदा हे ॲप करतोच, आणि ते करताना पहाटे उठणं, व्यायाम व वाचन बंद पडतं. गूगल प्लेची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. ॲपलची ९९ डॉलर, दर वर्षी. त्यातल्या ‘दर वर्षी’वर बायकोने बोट ठेवलं आणि तो विषय तिथेच संपला. ती सहकारी बँकेत कर्जवसुलीला असते.

प्लेचा नवा नियम असा, की वैयक्तिक खातं नवीन असेल तर ॲप बाजारात आणण्याआधी किमान बारा जणांनी ते सलग चौदा दिवस टेस्टर म्हणून घेतलेलं असायला हवं. आधी हा आकडा वीस होता. वीसवरून बारा करणाऱ्या माणसाला नातेवाईक असणार. बारा माणसं जमवणं डोंबिवलीत अवघड नाही, हळदीकुंकवाला याहून जास्त येतात. पण बारा जीमेल पत्ते? सुमनमावशीचा पासवर्ड मेलबर्नच्या मुलीकडे. काकांच्या एका खात्यात पेन्शन, दुसऱ्यात शेअर्स, आणि “तिसरं उघडायचं तर नाव काय देऊ, खोटं देणार नाही” हा तात्त्विक प्रश्न. सोसायटीचे सेक्रेटरी यायला तयार होते, पण माझा गेल्या वर्षीचा पार्किंगचा अर्ज मागे घेण्याच्या बोलीवर. शेवटी जमले बारा. मग नवव्या दिवशी सासूबाईंनी टेस्टिंगमधून बाहेर पडायचं बटण दाबलं.

“का दाबलंत?”

“समोर दिसलं म्हणून. आणि तुमचं ते मेलं रोज पहाटे पाचला मला ‘उठा’ म्हणतं. एवढं तर तुमच्या सासऱ्यांनीही कधी सांगितलं नाही.”

‘शिस्त’ अखेर बाजारात आलं. तिथे ते आजही शिस्तीत एका कोपऱ्यात उभं आहे.

पैसे आले ते दुसरीकडून, आणि ज्याची मला चारचौघांत सांगायला लाज वाटावी अशा ठिकाणाहून. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या भावासाठी लग्नाचा बायोडेटा मांडून द्यायचा होता. वर्डमध्ये टेबलं हलत होती, गणपती डावीकडे सरकत होता. वैतागून मी एक वेबपानच बनवलं: माहिती भरा, चौकट निवडा, पीडीएफ घ्या. ते तिने भावकीत पाठवलं, भावकीने वधूवर मंडळात, आणि तुळशीच्या लग्नानंतर पाहतो तर माझ्या सर्व्हरवर इतकी माणसं, की आधी वाटलं कुणी हल्ला केला.

तेव्हापासून मी आकडेवारीचे आलेख सोडून पंचांग बघायला लागलो. चातुर्मासात शुकशुकाट, पितृपक्षात तर मीसुद्धा तिथे जात नाही. कार्तिकात उसळी, मार्गशीर्षात गर्दी. एकदा अधिक महिन्यात सर्व्हर थंड पडला तेव्हा लोणावळ्याला ट्रिप काढली. घरच्यांना याचं आश्चर्य वाटलं नाही. चुलत आजोबा भिक्षुकी करत, त्यांच्या सुट्ट्याही अशाच ठरत.

आता बायोडेटा म्हणजे काय, तर चार रकाने, असं कुणाही इंजिनिअरला वाटेल. मंगळ मी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा ठेवला होता. शास्त्रशुद्ध बूलियन. तिसऱ्याच दिवशी चिपळूणहून एका मुलीच्या वडिलांचा फोन. “अहो, तुमच्याकडे ‘सौम्य’ नाही?” ग्रह एक तर त्या घरात आहे किंवा नाही, असं मी म्हणून पाहिलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “आहे हो. पण तसा नाही.” मी ‘सौम्य’ टाकला. मग ‘निर्दोष’ मागणारे आले. मग ‘एका गुरुजींच्या मते आहे’. गणांत देव, मनुष्य, राक्षस असे तीन पर्याय होते. नागपूरच्या एका मुलाच्या आईने विचारलं, राक्षस गण जरा लहान अक्षरात छापता येईल का. उंचीच्या रकान्याला अर्धा इंच वाढवून देणारं बटण मात्र मी ठामपणे नाकारलं. तत्त्वं असावीत माणसाला.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या त्या अक्षरांनी. ‘चि.’ लिहिताना संगणक पोटात आधी च ठेवतो आणि मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी पुढे यायला हवी. ही अदलाबदल कुणाला तरी करावी लागते, आणि मी घेतलेल्या फुकटच्या पीडीएफ लायब्ररीला ते कुणी शिकवलं नव्हतं. परिणामी साऱ्या महाराष्ट्रातल्या चिरंजीवांच्या वेलांट्या उलट्या बाजूला लोंबायला लागल्या. कऱ्हाडच्या स्थळांचे तर हालच झाले. तो अर्धा ऱ आणि त्याला लटकलेला ह कुणाला जुमानत नव्हते. हार्फबझ नावाचं एक इंजिन जगभरच्या लिप्यांची ही जुळवाजुळव मोफत करतं. ते बसवलं तेव्हा कऱ्हाड एकदाचं कऱ्हाड झालं. मी हुश्श म्हणतो तोच साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन: “तुमचा ल हिंदी आहे.” मी चष्मा पुसून बघितलं. खरंच होता. ‘श’सुद्धा. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असा राज्य शासनाचा २००९ चा निर्णय आहे, हे त्यांनी ऐकवलं. फॉन्ट बदलला. त्यांनी मुलीचा बायोडेटा काढून घेतला. फुकटातला.

फुकटातल्या प्रतीवर मागे फिकट अक्षरांत माझ्या साइटचं नाव उमटतं. ते नको असेल तर ४९ रुपये. हे ॲप म्हणून प्लेवर विकलं तर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर गूगलला १५ टक्के द्यावे लागतील, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दहा लाखांच्या पुढचं काय ते आपण दोघं बसून ठरवू. म्हणून साइटच ठेवली आणि थेट क्यूआर लावला. यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, ४९ चे ४९ येतात. येतात तेव्हा. आपला समाज एका लग्नात पाचशे पानं उठवील, पण ४९ रुपये वाचवायला काय काय करील याला सुमार नाही. एकाने माझ्या नावावर बरोब्बर कुलस्वामिनीचा फोटो चिकटवला. देवीला हटव म्हणायची माझी छाती नाही. दुसऱ्याने पैसे भरले आणि चार महिन्यांनी परत मागितले, कारण स्थळ जमलं नाही.

उरलेली कमाई जाहिरातींची. ॲडसेन्सवर दहा डॉलर जमले की गूगल तुमच्या पत्त्यावर टपालाने एक पिन पाठवतं. जगाची माहिती घरबसल्या ठेवणारी कंपनी मी डोंबिवलीत खरंच राहतो का हे पोस्टमनला विचारते, हे मला फार आवडलं. पत्र वडिलांच्या हाती पडलं. त्यांनी ते देवापुढे ठेवलं आणि शेजारी सांगून आले की मुलाला गूगलमधून कॉल आला. नव्वद डॉलर आणखी जमायला बराच काळ गेला. शंभर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. ते सुटले तेव्हा बँकेतून फोन: परदेशातून रक्कम आली आहे, प्रयोजन काय?

“जाहिराती.”

“कसल्या?”

मी साइट उघडून पाहिली. मंगल कार्यालय, पैठण्या, आणि बायोडेट्यातल्या फोटोखाली केस प्रत्यारोपण. “विवाहविषयक,” मी म्हणालो. पलीकडून जरा शांतता, मग हळू आवाजात, “माझा भाचा आहे. पुण्याला असतो. एमटेक.”

नोकरीतलं एक सांगायचं राहिलं. २०२२ मध्ये विप्रोच्या रिशद प्रेमजींनी नोकरी सांभाळून दुसरीकडे काम करण्याला सरळ फसवणूक म्हटलं आणि प्रतिस्पर्ध्यांकडे काम करणाऱ्या तीनशे जणांना घरी पाठवलं, तेव्हा आमच्या समोरच्या विंगेतले निळे उजेड आठवडाभर विझले होते. मी एचआरकडे रीतसर परवानगी मागितली. अर्जात ‘व्यवसायाचे स्वरूप’ असा रकाना होता; त्यात मी ‘कुंडली व तत्सम मुद्रण’ लिहिलं. आमची कंपनी याच्याशी स्पर्धा करत नाही, असं लेखी मिळालं. शिवाय गुजराती चौकट करून मिळेल का, अशी तोंडी विचारणा.

मिळतं किती, हा प्रश्न लोक आडून विचारतात. सोसायटीचा मेंटेनन्स निघतो, लग्नसराईत वर वाणसामान. माझ्या रात्रींचा तासाचा भाव बायकोने एकदा काढला होता, आणि आमच्या पोळ्यांच्या मावशींना कळू देऊ नकोस म्हणाली.

सध्या अमेरिकेतून मागणी आहे. तिकडच्या मराठी आईबापांना नक्षत्र आणि नाडी यांच्यामध्ये एक नवीन रकाना हवाय: व्हिसा. एकाने गोत्राच्या खाली ‘आय-१४० मंजूर’ असं स्वतःच लिहून पाठवलं होतं. रकाना करायला घेतला. पर्याय काय द्यावेत? ‘आहे’, ‘नाही’ लिहिलं, क्षणभर थांबलो, आणि अनुभवाने शहाणा होऊन खाली ‘सौम्य’ टाकून झोपलो.

सकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून मेल आला होता. व्यवस्था उत्तम आहे, फक्त एवढंच कळवावं, की सौम्य म्हणजे एच-फोर समजायचं का.