सव्वा महिना यांस: तुमचा निकाल आम्हाला मान्य नाही

श्री. सव्वा महिना यांस,
मुक्काम: निपाणी-बेळगाव भागातलं प्रत्येक बाळंतिणीचं घर.

तुमच्यावरचा आरोप सरळ आहे. दुखणाऱ्या बाईला तुम्ही बरी झाली म्हणून जाहीर करता.

तुम्ही पुरे झालात की घर एका आवाजात म्हणतं, "झाला की सव्वा महिना, आता काय!" लगेच शेगडी उचलली जाते, कानाचं फडकं सुटतं, तेल लावणाऱ्या मावशींचा हिशेब होतो आणि ओटी भरून बाळासकट सासरी पाठवणी होते. तिथं पाण्याची घागर तीच उचलते, भाकऱ्या तीच थापते. नवऱ्यालाही मोकळीक त्याच दिवसापासून. तिच्या जांघेत, कमरेच्या बुडाशी, माकडहाडात, टाक्यांच्या जागी जी कळ आहे तिची चौकशी कुणीच केलेली नसते. तिनं आपण होऊन सांगितलं तर उत्तर तयार असतं: "आम्हाला काय पोरं झाली न्हाईत?"

तुमच्यात जे चांगलं आहे ते मी नाकारत नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, दिवसाढवळ्या झोपायची मुभा. आमच्याकडच्या बाईला जन्मात हक्काची विश्रांती मिळते ती एवढीच, आणि तीही सगळ्यांच्या नशिबी नाही. आमच्या गल्लीत विडी वळणारी एक बाई आहे. धाकटं पोर अजून अंगावर पितं. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, शेजारी भिजवून कापलेली पानं. हजारावर पैसे मिळतात, म्हणून हात थांबत नाही. पण ती बसते कशी ते बघा. सगळा भार उजव्या कुल्ल्यावर, डावा पाय पुढं लांब सोडलेला, आणि थोड्या थोड्या वेळानं एक तळवा जमिनीला टेकून बूड अर्धा इंच उचलायचं. उठताना आधी दोन्ही गुडघे जुळवते, मग भिंत धरते. तिला विचारलं तर म्हणते, "जांघंत भरून येतंय, बसाय येत न्हाई. पर बसायलाच पायजे की." आमच्या निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी संघटना बांधली, मालकांशी भांडण मांडलं. १९८२ साली युगांतर गटानं त्यांच्या लढ्यावर माहितीपट काढला. अशा गावातसुद्धा हे एक दुखणं अजून दबक्या आवाजात, भांडी घासता घासता, बायकांनी बायकांनाच सांगायचं असतं.

बाईच्या अंगात काय होतं ते तुम्हाला ऐकवणं भाग आहे. ओटीपोटाचं हाडांचं कडं तीन जागी जुळलेलं असतं. पुढं मधोमध एक जोड, मागं कमरेच्या दोन खळग्यांपाशी दोन. बाळाला वाट मिळावी म्हणून गर्भारपणात शरीरातली संप्रेरकं या जोडांचे बंध सैल करतात. पुढच्या जोडातली फट एरवी ४-५ मिलिमीटरची, ती आणखी २-३ मिलिमीटरनं रुंदावते. १० मिलिमीटरच्या वर गेली तर सांधा फाकला असं धरतात. या कड्याच्या तळाशी स्नायूंची झोळी आहे. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावरच तोललेले असतात. खालून बाळंतपण होताना या झोळीचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीपर्यंत ताणला जातो, कधी हाडापासून सुटतोसुद्धा. वर टाक्यांचा व्रण, कधी माकडहाडाला बसलेला मार. हे सगळं पुन्हा जुळून यायला महिने लागतात. बहुतेकींचं जुळतं. काहींचं जुळत नाही, आणि मग कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते. डोळ्यांत पाणी येईल अशी कळ.

सिझर झालेल्या बाईची तर तुम्ही पुरती कोंडी करता. "तुझं खालून झालंच न्हाई, मग खाली कशानं दुखतंय?" अहो, सांधे नऊ महिने सैल होत आलेले असतात. बाळ पोटावरच्या चिरेतून काढलं म्हणून ते दुसऱ्या दिवशी घट्ट होत नाहीत.

तुमचं राज्य घरापुरतं असतं तर हे पत्र लिहायची गरज नव्हती. पण तुमचा एक शिकलेला भाऊ दवाखान्यात बसतो. त्याचं नाव बेचाळीस दिवस. बाळंतपणातला मृत्यू म्हणून जगभर मोजला जातो तो गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आतला. आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. दवाखान्यातली शेवटची तपासणी सहा आठवड्यांनी: टाके बघायचे, तांबी बसवणार का विचारायचं, तायी कार्डावर नोंद करायची, पुढची बाई बोलवायची. माझी तपासणी झाली तेव्हा टेबलाची ती छोटी पायरी मला दोन्ही हातांनी कठडा धरून चढावी लागली. समोर बसलेल्यांना ते दिसत होतं. नर्सबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "एल्लि नोवु?" कुठं दुखतंय? मी म्हटलं, "खाली." पुढं कुणी काही विचारलं नाही, आणि कार्डावर लिहिलं गेलं: नॉर्मल.

या जिल्ह्याला बाळंतिणीची काळजी घेता येत नाही असं कुणी म्हणू नये. उलटं आहे, आणि म्हणूनच मला जास्त चीड येते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं बायका मरत होत्या, तेव्हा बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच जिल्ह्याच्या खेड्यांत १६२० बायकांवर अभ्यास केला. एएनएम ताईंनी निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध छापून आला आणि जगानं वाचला. वाहिलेलं रक्त अंदाजानं सांगायचं नाही, मोजायचं, म्हणून बाईच्या अंगाखाली घालायची प्लास्टिकची चादर त्यांनी वापरली, खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी. ज्या जिल्ह्यानं बाळंतिणीच्या रक्ताचा मिलिलिटरमध्ये हिशेब ठेवला, त्या जिल्ह्यात तिच्या दुखण्याला एक रकाना मिळू नये?

आणि ही दुखणी तुमच्या मुदतीला बांधलेली नाहीत. २०२३च्या डिसेंबरात 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'नं प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत म्हटलं आहे की दरवर्षी जगात निदान ४ कोटी बायकांना बाळंतपणामुळे लांबणारं दुखणं जडतं. कंबरदुखी ३२ टक्के बायकांना. नवऱ्याजवळ जाताना दुखणं ३५ टक्के, म्हणजे तिघींतल्या एकीला. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यात तुमचा हात थेट आहे. सव्वा महिना झाला म्हणजे बाईचं शरीर तयार झालं, असं तुम्ही पुरुषांना शिकवलंत. दात आवळून पडून राहणाऱ्या पोरी या गल्लीत आहेत, निपाणीत आहेत, बेळगावच्या शहापुरात आहेत, वडगावात आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकींना वाटतं की खोट आपल्यातच आहे.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, पाटावर कधी सरळ बसत नाहीत, एका अंगावर कलून बसतात. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची. माझं दुखणं मी स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थोरल्याच्या येळपासनं हाय मला. माकडहाडात. कुणाला सांगायचं?" थोरले म्हणजे माझे दीर, त्यांची मुलगी आता कॉलेजात जाते. आत्तींना मी दोषी धरत नाही. "आम्हाला काय पोरं झाली न्हाईत" म्हणणाऱ्या कित्येकींच्या त्या वाक्यामागं असंच एक न विचारलेलं दुखणं बसलेलं असतं. तुम्ही त्यांनाही फसवलंत.

फसवलंत म्हणते, कारण यावर इलाज आहे. साधी परीक्षा बघा. बाईनं उताणं झोपायचं, पाय सरळ, एक पाय गुडघा न वाकवता वीतभर उचलायचा. जड गेला, दुखलं, आणि दोन्ही कुल्ले बाजूंनी हातांनी दाबून धरल्यावर तोच पाय सोपा उचलला गेला, तर हाडांच्या कड्याला आधार कमी पडतो आहे असं फिजिओथेरपिस्ट ओळखतात. यंत्र लागत नाही, एक्स-रे लागत नाही, चटई पुरते. नॉर्वेत अशा ८१ बायकांवर झालेल्या अभ्यासात ओटीपोट स्थिर करणारे व्यायाम नेमून दिलेल्यांचं दुखणं लक्षणीय कमी झालं, आणि दोन वर्षांनीही तो फरक टिकून होता. हा अभ्यास २००४ साली छापला गेला. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या स्नायूंच्या उपचाराच्या १० बैठका सरकारी विम्यातून मिळतात. आमच्या बेळगावात केएलईचं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे. वाट अडते ती तुमच्यापाशी. 'सव्वा महिन्यात बरी झालेली' बाई कुठल्या तोंडानं केसपेपर काढणार? निपाणीहून बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून आम्हाला लाल बसचं तिकीट नाही, पण बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते आणि घरचे विचारतात, "एवढ्यासाठी बेळगावला?"

मोबाइलवर बघून 'आवळा आणि सोडा'चा व्यायाम करणाऱ्यांना एक सांगते. खालचे स्नायू सैल पडलेत की आखडलेत हे आधी कुणीतरी तपासायला हवं. आखडलेले असतील तर आवळून कळ वाढते. त्यांना आधी श्वासाबरोबर सैल सोडायला शिकवावं लागतं. आणि ताप, घाण वासाचा पांढरा किंवा लाल स्राव, एका पोटरीला सूज, लघवी अडणं, मांड्यांच्या आत बधिरपणा, यांतलं काहीही असेल तर व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडे पुढाऱ्यांची भाषणं झाली. त्या भांडणात मी पडत नाही. माझं मागणं कुठल्याही भाषेत मावेल एवढं छोटं आहे. ४२व्या दिवसानंतर आशाताई आमच्या दारात येतच नाही असं नाही. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झालं की ती पुन्हा येते, बाळाचं वजन, खाणं, लसी विचारते. पाच वेळा उंबरठा ओलांडते. बाळाला मांडीवर घेऊन जी समोर बसलेली असते, तिला त्या पाचही वेळा विचारायचं: कुठं दुखतंय का? बसताना, चालताना, नवऱ्याजवळ जाताना? लघवी थांबवता येते का? आणि 'हो' आलं तर चिठ्ठी द्यायची, फिजिओथेरपीची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस, बाई फिजिओथेरपिस्ट, कन्नड आणि मराठी दोन्ही समजणारी. चिकोडीत बसवा, निपाणीत बसवा, खानापुरात बसवा.

तुम्ही घरात राहा. लाडू, शेगडी, तेल, झोप तुमच्याकडेच ठेवा, आणि विडीवालीच्या घरीही जरा पोहोचवा. फक्त निकाल देणं आजपासून बंद करा. कोण बरी झाली ते ती बाई सांगेल, सहाव्या महिन्यात सांगेल नाहीतर दोन वर्षांनी सांगेल.

कळावे,
एक लेकुरवाळी, निपाणी