लेखी द्या!

लेखीकाकांच्या कपाटात १९९८ सालच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड अजून आहे. मिक्सर नाही; तो केव्हाच भंगारात गेला. कार्ड मात्र दुकानाच्या शिक्क्यासह ‘विद्युत उपकरणे – दिवंगत’ या फायलीत सुखरूप आहे. तिच्या शेजारी ‘विद्युत उपकरणे – हयात’ नावाची जाडजूड फाईल. फ्रिज बंद पडला की घरातले बाकीचे फ्रिजकडे धावतात, काका फायलीकडे.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या फलकावर आहे, पण ते कुणी वापरत नाही. दादर पश्चिमेच्या त्या चारमजली इमारतीत आणि बाहेरच्या बऱ्याच सर्व्हिस सेंटरांत ते लेखीकाकाच. समोरच्याने ‘नाही’ म्हटलं तर ते रागावत नाहीत, आवाज चढवत नाहीत, ‘मी कोण आहे माहीत आहे का’ असंही विचारत नाहीत. खिशातलं पेन काढून पुढे धरतात आणि म्हणतात, ‘लेखी द्या.’ काउंटरमागच्या माणसाला आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाइकाची सवय असते, पेन पुढे करणाऱ्याची नसते.

हा संस्कार आईचा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि माउलींनी तिचं सभासदत्व घेतलं. महिन्याचं वाणसामान आलं की तूरडाळ घरी पुन्हा तोलली जायची आणि काट्याशी उभं राहण्याचं काम काकांकडे असायचं. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती २४ डिसेंबरला, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. देशात तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण काकांकडे शिरा होतो. आधी रव्याच्या पाकिटावरची तारीख मोठ्याने वाचली जाते.

अशा माणसाने निवृत्तीनंतर तेरा लाखांची गाडी घेतली. शोरूममध्ये हार, नारळ, पेढे, सगळं झालं. काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. फोटोग्राफर ‘सर, इकडे बघा’ म्हणत होता आणि सर वॉरंटी पुस्तिकेतली ‘या हमीत खालील बाबी समाविष्ट नाहीत’ ही यादी वाचत होते. आम्ल पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, रसायनं, मीठ, गारा, उडालेले खडे, ‘आणि तत्सम पर्यावरणीय घटक’. डिलिव्हरीचा तो फोटो आजही दिवाणखान्यात आहे. त्यात काकू हसताहेत आणि काकांचं फक्त टक्कल दिसतंय.

चाकं होती डायमंड-कट अलॉय. आरशासारखी लखलखणारी, मधे काळ्या खाचा. दुसरा पावसाळा सरला आणि त्या लखलखाटाखाली पांढुरक्या, नागमोडी रेषा उमटल्या. एखादी अळी काचेखालून चालत गेली असावी तशा. काकांनी त्या प्रथम पाहिल्या तेव्हा, काकूंच्या साक्षीनुसार, त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. निवृत्तीनंतर असं तेज प्रथमच दिसलं होतं.

मग अभ्यास सुरू झाला. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, त्यामुळे ते गंजतच नाही असा समज आहे. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मीठ म्हणजे क्लोराइड मात्र हा पापुद्रा फोडतं. म्हणून चाकावर रासायनिक प्रक्रिया, पावडर कोट, रंग आणि वर पारदर्शक लॅकर असे थर चढवतात. डायमंड-कट चाकात गोम अशी, की रंगवलेल्या चाकाचा दर्शनी भाग लेथवर तासून रंग काढून टाकतात आणि उघड्या चकचकीत धातूवर फक्त लॅकर मारतात. तासलेल्या कडांवर हे लॅकर पातळ बसतं. एखादा टोचा पडला किंवा कड उघडी राहिली की दमट हवा आणि मीठ आत शिरतात आणि गंजाचा धागा लॅकरखालून वाट काढत जातो. या गंजाला फिलिफॉर्म म्हणतात. त्याचे धागे सहसा एकमेकांना ओलांडत नाहीत. दुसरा आडवा आला की वळून बाजूने जातात. शिस्तीच्या बाबतीत ते दादर टीटीच्या चौकातल्या कुठल्याही वाहनापेक्षा सरस आहेत.

काकांनी चारही चाकांचे फोटो काढले, शेजारी पट्टी आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून. सोसायटीत गाड्या धुणाऱ्या पोऱ्याची उलटतपासणी झाली. ॲसिड वापरतोस का? नाही. तारेचा ब्रश? नाही. बादली आणि फडका, बस. मग तेच लिहून दे. त्याने दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पगारवाढीचा अर्ज घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, ‘काका, नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या.’ शंभर रुपये वाढले.

सर्व्हिस सेंटरमधला ॲडव्हायझर चिपळूणकडचा, स्वभावाने गरीब.

‘काका, हे वॉरंटीत येत नाही.’

‘का?’

‘एन्व्हायर्नमेंटल आहे. खारी हवा. तुम्ही दादरला राहता ना, समुद्राजवळ.’

‘आणि तुमचं शोरूम?’

शोरूम वरळीला होतं. तिथून समुद्र दादरपेक्षाही स्वच्छ दिसतो.

‘ज्या शहरात गाडी विकता त्या शहराची हवा तुम्ही वगळता,’ काका शांतपणे म्हणाले. ‘मग विकताना सांगायचं होतं, ही गाडी नागपूरकरांसाठी आहे म्हणून. बरं, लेखी द्या.’

ॲडव्हायझरने फ्लोअर मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर मुरलेला होता. त्याने काकांचा नंबर मोबाइलमध्ये शोधला, व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा केला आणि स्क्रीन काकांपुढे धरली. दापोलीजवळचा किनारा, मावळता सूर्य, हात पसरलेले काका आणि त्यांच्यामागे वाळूत तीच गाडी.

‘गाडी बीचवर नेली होती ना, सर?’

काकांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. ‘या फोटोत तुम्हाला चाकं दिसतात का?’

दिसत नव्हती, कारण ती वाळूत रुतलेली होती. त्या संध्याकाळी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली होती. पण मॅनेजरने ते विचारलं नाही आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतके काका नवशिके नाहीत. उलट त्यांनी आपले फोटो मांडले. गंज सुरू झालाय तो मधल्या झाकणाखाली आणि नटांभोवतीच्या कडांवर, जिथे खडा पोचू शकत नाही. आणि चारही चाकांवर एकाच जागी. वाळू जबाबदार असती तर खुणा अशा मोजून-मापून आल्या असत्या का?

‘तरीपण हे फक्त कॉस्मेटिक आहे,’ मॅनेजर म्हणाला.

काका याचीच वाट पाहत होते. डाव्या मागच्या टायरमधली हवा दर आठवड्याला उतरत होती. पंक्चरवाल्याने ट्यूबलेस टायर पाण्यात बुडवून पाहिला, टायर धड होता. ‘मॅगव्हील कडेला पांढरं पडलंय, बुडबुडे तिथूनच येतायत,’ असं त्याने सांगितलं. तो लिहायला तयार नव्हता, म्हणून काकांनी बुडबुड्यांची चित्रफीत काढली होती. ती पाहिल्यावर ‘कॉस्मेटिक’ हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही.

काकांचं हसू येतं, तरी त्यांचा मुद्दा खरा आहे. ‘वॉरंटीत येत नाही’ हे वाक्य काउंटरवर निकालासारखं ऐकवलं जातं आणि शंभरातले बहुतेक लोक ते ऐकून पार्किंगकडे वळतात. पण वॉरंटी हे कंपनीने स्वतःच्या शब्दांत दिलेलं वचन आहे. दोष कशाला म्हणायचं हे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा वेगळं सांगतो: कायद्याने, किंवा उघड वा गृहीत धरलेल्या कराराने, जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव म्हणजे दोष. गाडी मुंबईत वापरली जाणार हे गृहीत नव्हतं, असं विक्रेत्याला ग्राहक आयोगासमोर म्हणून दाखवावं लागतं. २०२० पासून तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही करता येते आणि वकील लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. तेरा लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. शिवाजी मंदिरात पुढच्या रांगेचं तिकीट काढलं तर याहून फार कमी पडत नाही आणि तिथे प्रेक्षकाला बोलू देत नाहीत, असं काकांचं म्हणणं.

शेजाऱ्यांचा सल्ला वेगळाच. ‘गाडीच बदलून मागा हो!’ काका त्यांना २००६चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऐकवतात. मारुती उद्योगच्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं, की वॉरंटी सदोष भाग बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. जास्त मागणारा हरतो. काका चार चाकं मागतात, साडेतीनही नाही आणि पाचही नाही. स्टेपनी साध्या लोखंडी रिमवर आहे, तिला गंज नाही, म्हणून ती दाव्यात नाही.

फक्त लेस्टरच्या भाच्याचा फोन आला की ते थोडे खट्टू होतात. इंग्लंडात २०१५च्या कायद्याप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातच होता असं साधारणपणे धरलं जातं आणि तसा नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ सरकारच टाकतं. आपल्याकडे पुरावा सहसा तक्रारदारानेच उभा करायचा. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तपासणी असेल तर पाच महिन्यांत आणि नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आणि प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. काकांना तारखांचं भय नाही. काकूंना आहे.

शेवटी काकांची कंपनीला नोटीस गेली. ती रजिस्टर्ड पोस्टाने जाऊ शकली नाही, कारण २०२५ मध्ये टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. ती बातमी आली त्या दिवशी काका नीट जेवले नव्हते.

तीन आठवड्यांनी मॅनेजरचा फोन आला. कंपनी ‘गुडविल’ म्हणून दोन चाकं मोफत द्यायला तयार होती, उरलेली दोन निम्म्या किमतीत. काकू म्हणाल्या, ‘अहो, घ्या आणि मिटवा.’ काका म्हणाले, गुडविल नको, वॉरंटी म्हणा. उपकार कुणाला हवेत? आणखी दहा दिवस गेले, दोन मेल गेल्या आणि चार चाकं आली. जॉब कार्डवर ‘वॉरंटी रिप्लेसमेंट’ असं छापून आलं. जुनी चाकं कंपनीकडे परत गेली आणि काकांनी त्यांची पोच घेतली.

चाकं बसवून झाल्यावर ॲडव्हायझरने सहीसाठी कागद पुढे केला. काकांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

‘या नव्या चाकांची वॉरंटी आजपासून, की गाडीच्या तारखेपासून?’

‘काका, बहुतेक गाडीचीच उरलेली मुदत लागते,’ पोरगा म्हणाला आणि पुस्तिका चाळू लागला.

‘पान एकोणीस,’ काका म्हणाले, ‘खालून तिसरी ओळ. पण तिथे “बहुतेक” लिहिलेलं नाही.’ आणि खिशातून पेन काढलं.