पंधरा मिनिटांत वलंदेजी (आणि पुढची पाच वर्षे)

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात डच माणसाला ‘वलंदेज’ म्हटलंय. १६३७ साली हे वलंदेज वेंगुर्ल्यात वखार घालून बसले. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. आता गंगा उलटी वाहते. आपली माणसं आइन्डहोव्हन आणि अ‍ॅम्स्टलवेनला जाऊन बसतात, ‘इथं सगळ्यांना इंग्रजी येतं हो’ असं घरी फोनवर सांगतात, आणि दुकानातून दूध म्हणून ताक घेऊन येतात. हे मार्गदर्शन अशा मंडळींसाठी आहे. मार्गदर्शकाची पात्रता विचाराल, तर अ-२ पातळीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास, आणि ताक दोनदा.

साहित्य : शंभर पानी वही, घशाला मफलर, लाज शक्य तितकी कमी.

सुरुवातीलाच एक खोड मोडून घ्यावी. आपण डच शब्द आधी इंग्रजीत नेतो आणि मग मराठीत आणतो. म्हणजे सांगलीहून कोल्हापूरला व्हाया मुंबई. या रस्त्यानं माझे बरेच तास वाया गेले, काही वेळा पैसेही. पुढे येईलच.

धडा पहिला : तोंडात आधीच असलेले शब्द

‘या’ म्हणजे हो. ‘ने’ म्हणजे नाही. ‘वार’ म्हणजे कुठे आणि ‘दार’ म्हणजे तिथे. ‘वार?’ ‘दार.’ झाला की संवाद! ‘काल’ म्हणजे टकला, ‘पाल’ म्हणजे खांब. ‘ओम’ म्हणजे काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान, सगळे एका शब्दात गुंडाळून. ‘कास’ म्हणजे चीज. गाईची कास डोळ्यांपुढे आणली की हा शब्द जन्मात विसरत नाही. ‘साय’ म्हणजे मात्र कंटाळवाणं. सायीचा असा अपमान जगात दुसरीकडे कुठे होत नसेल, पण भाषा त्यांची आहे.

आणि ‘राम’ म्हणजे खिडकी. आईअप्पा तीन महिन्यांसाठी आले, तेव्हा अप्पा रोज सकाळी कुंपणापलीकडच्या आजींना कऱ्हाडी आवाजात ‘राम राम’ घालायचे. आजी आधी स्वतःच्या खिडकीकडे बघायच्या, मग आमच्या. चौथ्या दिवशी त्या शिडी घेऊन आल्या. खिडकीत काहीतरी बिघडलंय आणि या पाहुण्यांना ते सांगता येत नाहीये, अशी त्यांची समजूत झाली होती. अप्पांना वाटलं, या देशात नमस्काराला शिडी लागते.

धडा दुसरा : घसा

लिहायचा ग, बोलायचा ख. तोही साधा नाही. ‘ख़बर’ हा शब्द जाणकार गझल गायक जसा घशातून ओढून काढतो, तसा. ‘खूदमॉर्खन’ म्हणजे शुभ सकाळ. रोज सकाळी गुळण्या करताना सराव करावा, शेजाऱ्यांना फरक कळत नाही. आइन्डहोव्हनकडे, म्हणजे दक्षिणेत, हा ख मऊ असतो. तो शिकून अ‍ॅम्स्टरडॅमला गेलात तर लोक तुम्हाला गावाकडचे समजून प्रेमानं हसतील.

त आणि द यांची काळजी करू नका. डच त हा इंग्रजांच्या ट-सारखा टणक नाही, आपल्यासारखाच दातांशी येतो. खरी परीक्षा कांद्याची. ओठ शिट्टीसाठी काढायचे आणि त्यातून ‘आउ’ म्हणायचं, की कांदा होतो. ओठ न काढता ‘ऐ’ म्हटलं की अंडं. भुर्जी करणाराला दोन्हींशिवाय गत्यंतर नाही.

धडा तिसरा : आकडे आणि घड्याळ

इथे मराठी माणसानं मान ताठ करून बसावं. इंग्रजीत आधी वीस, मग एक. डचमध्ये ‘एन-अन-त्विन्तख’, म्हणजे एक आणि वीस, आपलं एकवीस. सत्त्याऐंशीला ‘झेवन-अन-ताख्तख’, सात आणि ऐंशी. वर्गातला स्पॅनिश मुलगा फोन नंबर लिहून घेताना आधी एककाची जागा सोडायचा, मग दशक शोधायचा, मग डोकं धरायचा. मी चौतीस, अठ्ठावन्न म्हणत सुखानं लिहीत होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि वाद विधानसभेपर्यंत गेला, तेव्हा मी तटस्थ होतो. आता नाही. पोरांना एकवीस म्हणू द्या, पुढेमागे आइन्डहोव्हनला नोकरी लागली तर उपयोगी पडेल.

घड्याळाचं तर विचारूच नका. ‘हाल्फ द्री’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धा तीन’, पण वेळ अडीचची. विचित्र वाटतं ना? मग अडीच हा शब्द सोलून बघा. तो मुळात ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा. दोन पुरे झाले, तिसऱ्याचा अर्धाच झाला. दीडही तसाच : एक पुरा, दुसरा अर्धा. डचमध्ये दीडला ‘आन्दरहाल्फ’ म्हणतात, त्याचाही अर्थ दुसरा अर्धा. इंग्रजाला दीड म्हणायला तीन-चार शब्द जुळवावे लागतात. आपल्याकडे आणि वलंदेजांकडे तो तयार असतो. २०२० साली करोनात सगळ्या देशभर ‘आन्दरहाल्वं मेतर’ अंतर राखा अशा पाट्या लागल्या, तेव्हा माझ्या वहीत मी नुसतं ‘दीड मीटर’ लिहिलं आणि पुढे गेलो.

सावधगिरीची सूचना : हे गणित अडीचच्या पुढे आपल्यापुरतं संपतं. साडेतीनला आपण तीनच्या घरात असतो, डच माणूस मात्र ‘हाल्फ फीर’ म्हणत चारच्या उंबऱ्यावर उभा. दातांच्या डॉक्टरांनी मला ‘हाल्फ फीर’ची वेळ दिली होती. मी इंग्रजांचं ‘हाफ फोर’ आठवून साडेचारला पोचलो. दात तसाच राहिला आणि न आल्याबद्दलचं बिल आलं. व्हाया मुंबईचं भाडं म्हणतो ते हे.

धडा चौथा : वाणसामान

‘मेल्क’ म्हणजे दूध आणि ‘कार्नमेल्क’ म्हणजे ताक. दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच खोक्यांत. ‘कार्न’ हा दुधाचा एखादा पौष्टिक प्रकार असावा असं समजून मी त्याचा चहा केला. चहा फाटला, पण त्या संध्याकाळी कढी उत्तम झाली. त्याच्या शेजारी ‘क्वार्क’ असतं. हा जवळजवळ आपला चक्काच. पाडव्याला इथली मराठी घरं त्याचंच श्रीखंड करतात. टांगून ठेवायची भानगड नाही. फक्त ‘माखर’ असं लिहिलेला डबा घेऊ नये. गणपतीची आठवण येते खरी, पण तो शब्द ‘स्निग्धांश नाही’ एवढंच सांगतो.

बटाटा मागाल तर पस्तावाल. ‘बताट’ म्हणजे रताळं. बटाट्याला ‘आर्दापल’ म्हणतात, भूमीचं सफरचंद. उपवासाला दोन्ही चालतात म्हणून ही चूक आमच्या घरी खपून गेली. मसाल्याच्या फळीवर ‘केतुंबार’ नावाची बाटली दिसली तर घाबरू नका, ती धन्याची पूड. हा शब्द इंडोनेशियातून आला, आणि त्याआधी आपल्याच कोथिंबिरीच्या माहेरून.

द हेगचा मोठा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. तिथे वजनाचे दोन शब्द लागतात. ‘पॉन्त’ म्हणजे अर्धा किलो आणि ‘ऑन्स’ म्हणजे शंभर ग्रॅम. इंग्रजांच्या पौंड-औंसाशी हिशोब जुळवायला जाल तर मिरच्या कमी पडतील. ‘हाल्फ पॉन्त’ म्हटलं की पाव किलो.

बाटली परत करताना ‘स्तातीखेल्त’, म्हणजे अनामत, मिळते : मोठ्या बाटलीचे २५ सेंट, छोटीचे १५. दारावरच्या बाईला रद्दी आणि बाटल्या विकत वाढलेल्या पिढीला यात शिकवण्यासारखं काही नाही.

धडा पाचवा : ज्यांना अर्थ नाही असे सर्वांत महत्त्वाचे शब्द

परीक्षेत हे येत नाहीत. रस्त्यावर मात्र यांच्यावाचून पान हलत नाही.

पहिला ‘मार’. ऐकून दचकू नये. दार उघडून कुणी ‘कॉम मार बिनन’ म्हणालं, तर मार मिळणार नाही. ते ‘या ना आत’ म्हणतायत. भाजीवाला ‘झेख्त यू हत मार’ म्हणतो. इंग्रजीतून याचा अर्थ लावायला मी आठवडाभर झटलो आणि हाती आलं, ‘तुम्ही ते पण सांगा’. अहो, तो नुसतं ‘बोला!’ म्हणतोय. मंडईत आपल्याला म्हणतात तस्संच.

दुसरा ‘होर’. ‘या होर’ म्हणजे ‘हो हो, अगदी’. ‘ने होर’ म्हणजे ‘नाही हं’. तिसरा ‘तॉख’ : वाक्याच्या पोटात शिरून ‘येणार ना?’मधल्या ‘ना’चं काम करतो. चौथा ‘एवन’, म्हणजे जरा. ‘जरा जाऊन येतो’मधल्या जराला जसं घड्याळ लागू नाही, तसंच यालाही.

आमच्या वर्गातल्या अमेरिकन बाईंनी गुरुजींना विचारलं, ‘होर’चा अर्थ काय? गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि कॉफीची सुट्टी दिली. मला त्यांची कीव आली. उद्या मला कुणी ‘बरं का’चा अर्थ विचारला तर मीसुद्धा चहाच मागवीन.

धडा सहावा : लिंग

डचमध्ये नामाआधी ‘द’ लागतो किंवा ‘हत’. कुठे काय, याला नियम थोडे, पाठांतर फार. लोक यावर रडतात. तो दगड, ती वाट, ते झाड असं कारण न विचारता पाठ केलेल्यांना रडायचा अधिकार नाही.

एक खूण मात्र पक्की आहे. कुठलीही वस्तू लाडानं लहान केली की ती ‘हत’, म्हणजे नपुंसकलिंगी होते. घराचं ‘हाउशं’, पावतीचं ‘बॉनचं’, आणि मुलगीसुद्धा ‘मैशं’. मुलगी नपुंसक कशी, असा प्रश्न फक्त इंग्रजीच्या वाटेनं आलेल्यांना पडतो. आपल्याकडे ते पोरगं, ते लेकरू, ते कोकरू. शेवटचा अनुस्वारसुद्धा कानाला ओळखीचा लागतो. लेकरावरून आठवलं, ‘लेकर’ म्हणजे छान, चविष्ट, मस्त. जेवण लेकर, झोप लेकर, ऊन पडलं तर तेही लेकर.

त्याच आजी आमच्या मुलीला एकदा ‘स्लिम’ म्हणाल्या. आईनं त्या रात्रीपासून नातीच्या पोळीवर दुप्पट तूप घालायला सुरुवात केली. ‘स्लिम’ म्हणजे हुशार, हे मला सांगता आलं असतं. पण माझ्याही पोळीवर तूप पडत होतं.

धडा सातवा : सणवार

वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. आत शिरल्यावर प्रत्येकाशी हात मिळवून ‘खफेलिसितेर्त’ म्हणायचं : मुलीला, तिच्या आईला, आजीला, शेजाऱ्यालाही. वाढदिवस एकीचा, अभिनंदन सगळ्यांचं. मग केकचा एक तुकडा. दुसऱ्याची वाट बघू नये. कुणाचा वाढदिवस कधी, हे विसरू नये म्हणून त्याचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो, आता आमच्याकडेही आहे.

सासूला ‘स्खोनमुदर’ म्हणतात. ‘स्खोन’ म्हणजे स्वच्छ, ‘मुदर’ म्हणजे आई. या शब्दावर मी वहीत काही लिहिलेलं नाही, कारण वही घरात कुणीही उघडतं.

स्वाध्याय

१. जोड्या लावा : राम, ओम, साय, काल. (देवाचं नाव घेऊन सुरुवात केली तरी चालेल.)

२. ‘अडीचला दहा कमी’ हे डचमध्ये सांगा. उत्तर ‘तीन फोर हाल्फ द्री’. यातला ‘तीन’ म्हणजे दहा आणि ‘द्री’ म्हणजे तीन. इथं थोडं पाणी प्या.

३. प्रात्यक्षिक. दुकानात जा आणि पावपाव किलोच्या दोन वस्तू डचमध्ये मागा. तुमचा पहिला ख ऐकताच समोरचा माणूस सौजन्यानं इंग्रजीवर येईल. सर्वांत अवघड अडथळा हाच. इथली माणसं फार भली आहेत. अशा वेळी चेहरा कोरा ठेवून ‘इक स्प्रेक खेन एंगल्स’, म्हणजे मला इंग्रजी येत नाही, असं सांगा. आमच्या अप्पांना हे सांगावंच लागलं नाही. तीन महिन्यांनी निघताना ते आजींना म्हणाले, ‘जरा जाऊन येतो.’ आजी म्हणाल्या, ‘या होर,’ आणि खिडकी उघडून त्यांना हात केला.