बीडचे बीटवाले

बीटवाले सर घरी आहेत की नाहीत हे गेटवरूनच कळतं. असतील तर जिन्याखालच्या खोलीत ट्यूब लागलेली असते आणि बाईंनी टीव्हीचा आवाज वाढवलेला असतो. अंबाजोगाई, माजलगाव, केज, गेवराई, गाव कुठलंही घ्या. नव्या प्लॉटिंगच्या कॉलनीत असा एक गृहस्थ असतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नाहीतर बँकेतून निवृत्त झालेला, ग्रॅच्युइटीतून घराचं कर्ज फेडून उरलेल्या पैशांत ड्रिल मशीन घेतलेला. मशीन एकदाच घ्यायची असते, त्यामुळे तो विषय महिनाभरात मिटतो. बीटं मात्र संपत नाहीत. म्हणजे घ्यायची संपत नाहीत. वापरून संपायचा प्रश्नच येत नाही.

टेबलावर पत्र्याच्या डबीत 19 बीटं उभी असतात, 1 मिलिमीटरपासून 10 पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने चढत गेलेली. त्यातल्या तीन, चार, पाच, सहा आणि आठ यांचा काय तो जगाशी संबंध आला. बाकीची कंपनीतून निघाली तशीच तेलकट. हे सरांना बोलून दाखवलं की ते साडेआठचं बीट काढून हातावर ठेवतात. "दहाच्या बोल्टाचे आटे पाडायचे असले तर आधी साडेआठचंच भोक लागतं, माहितंय का?" हे अगदी बरोबर आहे. दहाच्या बोल्टाचे आटे पाडायची वेळ त्या कॉलनीवर अजून आलेली नाही, एवढंच.

साध्या एचएसएसच्या, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या, बीटाचं सरांना आता कौतुक उरलेलं नाही. मद्रासच्या अ‍ॅडिसनचं बीट बीडच्या सुभाष रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात कधीही मिळतं आणि देशभरचे फिटर त्यावर पोट भरतात, हीच त्यांची तक्रार. जे सगळ्यांना मिळतं ते घेण्यात कसली मजा? त्यांना कोबाल्ट लागतं. एम-35 म्हणजे पाच टक्के, एम-42 म्हणजे आठ टक्के. किंमत साध्याच्या दुप्पट-तिप्पट. बीडला रेल्वे पोचायला 17 सप्टेंबर 2025 हा दिवस उजाडावा लागला. सरांची जर्मन बीटं त्याच्या कितीतरी आधी, पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून, पुतण्याच्या बॅगेत बाकरवडीच्या पुड्याखाली बसून आलेली आहेत.

लग्नाच्या पंगतीत शेजारी हे बसले की जेवणाऱ्याचं भाग्यच म्हणायचं. मठ्ठा येईपर्यंत 1863 साल आलेलं असतं: अमेरिकेत मोर्स नावाच्या माणसाने पीळदार बीटाचं पेटंट त्या वर्षी घेतलं. जिलबीच्या वेळी गाडी पॅरिसला पोचते. तिथल्या 1900 च्या प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांचं नवं पोलाद लालभडक होऊनही लोखंड सोलत राहिलं आणि पाहणाऱ्यांची तोंडं उघडी पडली. साधं कार्बन स्टील दोनशे-अडीचशे अंशांना मऊ पडतं, हायस्पीड स्टील सहाशेच्या आसपासही तग धरतं, कोबाल्ट आणखी थोडं पुढे जातं. माहिती सगळी खरी आहे. पण देवघराच्या फळीला दोन भोकं पाडताना सहाशे अंश यायचे कुठून? मे महिन्यात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो खरा, पण तेवढ्याने भागत नाही.

सोनेरी बीटाच्या बाबतीत मात्र सरांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिथे ते बरोबर आहेत. बाजारात 'टायटॅनियम' म्हणून जी पिवळीधमक बीटं मिळतात, त्यांच्या अंगावर टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो, जाडी अवघी दोन-चार मायक्रॉन. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. चांगल्या पोलादावर चांगला थर दिला असेल तर बीट जास्त टिकतं, कारखान्यात तर नक्कीच. पण एकदा धार लावली की टोकावरचं सोनं ग्राइंडरच्या चाकावर जातं. आणि आतलं पोलादच हलकं असेल तर तो एक ग्रॅमचा दागिना, लग्नापुरता घालायचा. असा पिवळा सेट रस्त्यावरच्या गाड्यावर दिसला की सर थांबतात, एक बीट उचलतात, उन्हात धरतात आणि काही न बोलता परत ठेवतात. गाडेवाल्याला तो अपमान कळतो.

ही ऐट फुकटची नाही हे एकदा सिद्ध झालं. शेजारच्या बंगल्याला स्टेनलेसचं रेलिंग बसलं आणि पोराला त्यात चार भोकं वाढवून हवी होती. त्याने गाड्यावरचं बीट लावलं, मशीनचा खटका पूर्ण दाबला आणि हलक्या हाताने टेकवलं. किंचाळी निघाली, धूर निघाला, टोक निळं पडलं, भोक काही पडलं नाही. स्टेनलेसची खोड अशी की घासत बसलं की ते कापलं जात नाही, उलट त्या जागी आणखी कडक होतं. घरगुती मशीन पूर्ण वेगात मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेते. सहाच्या बीटाला साध्या लोखंडात साधारण तेराशे पुरतात, स्टेनलेसमध्ये त्याच्या निम्मे.

सर आले. सेंटर पंचाने जागा बदलून खूण केली, थेंबभर तेल सोडलं, कोबाल्टचं सहाचं बीट चकमध्ये आवळलं, चावीने तिन्ही भोकांतून आवळलं, आणि खटका जेमतेम दाबून अंगाचा सगळा भार मशीनवर टाकला. दोन चकचकीत वेटोळी वर आली. पोराचे वडील टाळ्या वाजवायचेच बाकी होते. सरांनी बीट फडक्याने पुसलं, खिशात घातलं आणि चहा घेऊन गेले.

त्या दिवसापासून कॉलनीत कोबाल्टला भाव आला, आणि वेग व तेल यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढ्याच सावकाशीने, तेल घालून, धार असलेलं साधं एचएसएस लावलं असतं तरी ती चार भोकं पडली असती. कदाचित शेवटच्या भोकाला कुरकुरलं असतं. वर्षाला दहा-बारा भोकं पाडणाऱ्या घरात आख्खा कोबाल्टचा सेट म्हणजे मिरवायची वस्तू. चार, पाच, सहा अशी सुटी दोन-तीन बीटं चांगली घ्यावीत, बाकी साधी चालतात. हे सरांना माहीत नाही असं नाही. पण सुट्या बीटाला डबी मिळत नाही.

भिंतीपुढे तर सरांचंही चालत नाही. जुन्या बीडमधले आणि अंबाजोगाईतले वाडे काळ्या दगडाचे आहेत. त्या दगडावर साध्या ड्रिलला भारीतलं कार्बाइड टोकाचं बीट लावून खुंटी ठोकायला निघालेला माणूस संध्याकाळी खिळा शोधायला लागतो. तिथे पैसा बीटात नाही, मशीनमध्ये घालायचा असतो: रोटरी हॅमर, आणि 1975 च्या सुमारास बॉश आणि हिल्टीने आणलेलं एसडीएस दांड्याचं बीट, जे चकमध्ये पुढेमागे सरकून ठोसा देतं. सरांनी एसडीएसची बीटं घेऊन ठेवली आहेत. हॅमर अजून घेतलेला नाही.

गल्लीतल्या पोरांचं आणि सरांचं एक ठरलेलं संभाषण आहे.

"सर, जरा ड्रिल मिळंल का?"

"मशीन ने. बीट तुझं आण."

त्यांना खरा धक्का दिला तो परळीच्या एका माणसाने. थर्मलमधून निवृत्त झालेला फिटर, जावयाकडे आला होता. ज्याने औष्णिक केंद्रात मनगटाएवढी बीटं चालवली, तो सरांच्या डबीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "लई झकास हायत. पण धार कोण लावतंय?"

सर म्हणाले, बोथट झालं की नवं घेतो.

"कामून? फेकायलाव कामून?" फिटरने कोपऱ्यातल्या डब्यातून गंजलेलं, बोथट झालेलं साधं आठचं बीट उपसलं. डाव्या तर्जनीचा टेका दिला, ग्राइंडरच्या चाकाशी साठाला अंशभर कमी असा कोन धरला, धार चाकाला लागताच मागचा हात अलगद खाली नेला. बीट उलटवून दुसरी बाजू. मध्येच पाण्यात बुचकळलं. डोळ्यासमोर धरून दोन्ही धारा सारख्या आल्या का ते पाहिलं; एक लांब राहिली तर भोक मोठं पडतं आणि कीस एकाच बाजूने येतो. मग पाच मिलिमीटरच्या पट्टीवर टेकवलं. दोन्ही खाचांतून सारखी वेटोळी निघाली. सगळं मिळून चहा निवायच्या आत.

"माझ्या कोबाल्टला 135 अंशांचं स्प्लिट पॉइंट आहे," सर म्हणाले. "ते हाताने येत नाही."

"ते येत नाही," फिटरने कबूल केलं. "पण तुमच्या घरात अडलंय कुणाचं?"

ती रात्र सरांना जड गेली असावी. आठवड्याभरात ऑनलाइन धार लावायचं जिग आलं, त्याबरोबर हिऱ्याच्या कणांचं चाक आलं, कोन मोजायचं मापक आलं. बाईंनी तिन्ही खोक्यांवरच्या किमती वाचल्या आणि टीव्हीचा आवाज आणखी दोन घरं वाढवला. जिग बसवून झालं. मग लक्षात आलं की धार लावायला बोथट बीट हवं, आणि कोपऱ्यातलं एकमेव बोथट बीट फिटरने चांगलं करून ठेवलंय. आख्ख्या डबीत एकही बीट धार लावण्याइतकं झिजलेलं नव्हतं.

हल्ली सर संध्याकाळी गेटवर उभे असतात. शेजारचं पोर दिसलं की स्वतःच हाक मारतात, "काय रे, काही भोकं पाडायची आहेत का? बीट माझं ने. लोखंडात पाड, स्टेनलेस असलं तर उत्तमच. आणि हे बघ, तेल अजिबात घालू नकोस."